ओल्या चादरीचा श्वास

आयुष्यभर प्लास्टिकच्या पापुद्र्यांवर काम केलं असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे पिशव्यांचा कारखाना का?" अकोल्याहून नोकरीसाठी पुण्यात आले तेव्हा मी अशा माणसाला बसवून सगळं समजावून सांगायची. पुढे शहाणी झाले. "हो, पण आमच्या पिशवीत काही मावत नाही," एवढं म्हणून मोकळी व्हायला लागले. या शहरात राहायचं तर उत्तर छोटं आणि तिरकं असावं लागतं.

बुधवार पेठेतल्या एका दुकानात मी वायरी जोडायच्या बारीक क्लिपा घ्यायला जायची. दुकानदाराने एकदा विचारलं, "बाई, तुम्ही नक्की करता काय?"

मी म्हटलं, "विजेच्या पापुद्र्यावर पाण्याचा थेंब ठेवला की काय होतं, ते बघतो."

क्लिपा कागदात गुंडाळता गुंडाळता, वर न बघताच तो म्हणाला, "आमच्या घरी गीझरमध्ये रोज होतं ते. आम्हाला पगार नाही देत कोणी."

आज मात्र छोट्या उत्तराने भागणार नाही. पुढे जे घडलं ते कळायचं असेल तर हा पापुद्रा काय चीज आहे ते आधी सांगायला हवं.

हे एक खास जातीचं प्लास्टिक. त्याच्या लांबलचक रेणूला दोन बाजू असतात, एका बाजूला विजेचा धन अंश, दुसऱ्या बाजूला ऋण. एरवी या बाजू कशाही तोंडं करून पडलेल्या असतात, मांडवातली जेवणं उरकल्यावर खुर्च्या पडलेल्या असतात तशा. पण जबरदस्त दाबाची वीज लावली की सगळ्या खुर्च्या एका दिशेला वळतात, आणि वीज काढून घेतली तरी तशाच राहतात. याला आम्ही पोलिंग म्हणतो. त्यानंतर हा पापुद्रा जिवंत झाल्यासारखा वागतो. दाबला की किंचित वीज देतो. तापला किंवा गार पडला तरी देतो. बाहेरून बॅटरी लावायची गरज नाही.

करायची रीत ऐकायला सोपी आहे. पूड द्रावकात विरघळवायची, त्याचा थेंब भिंगरीसारख्या फिरणाऱ्या तबकडीवर सोडायचा, तो पसरून केसापेक्षाही कितीतरी पातळ थर होतो, मग भट्टीत शेकायचा. डोळ्यांना दिसते ती फक्त साबणाच्या फुग्यावर असते तशी रंगांची झाक. हाताला काहीच लागत नाही. ही झाक एकसारखी यावी म्हणून मी जेवढी वर्षं घालवली तेवढ्यात लोकांनी बंगले बांधले. पण माझ्या हातचा थर चांगला यायचा. प्रयोगशाळेतल्या आमच्या विभागात "वानखडे मॅडमचा थर" म्हणून तो वेगळा ठेवला जायचा, आणि हे मला आवडायचं हे मी लपवणार नाही.

या पापुद्र्याचं आणि पाण्याचं नातं भावकीचं. लांब ठेवता येत नाही आणि जवळ आलं की कुरबूर. पाण्याचा रेणूही असाच वाकडा, एका अंगाला धन आणि दुसऱ्या अंगाला ऋण. त्यामुळे पापुद्र्याचं तोंड कुठल्या दिशेला वळलंय ते पाण्याला कळतं. एका तोंडावर थेंब अळूच्या पानावर असावा तसा टपोरा बसतो, दुसऱ्या तोंडावर जरा पसरतो. हवेतलं दमटपण नुसतं येऊन चिकटतं आणि वरच्या विजेवर पांघरूण घालतं. जून ते सप्टेंबर आमची मोजमापं आमच्याच मे महिन्यातल्या मोजमापांशी भांडत. पापुद्र्याला कुठे सुईच्या टोकाएवढं भोक राहिलं तर पाणी त्यातून खाली उतरतं आणि वीज गोळा करणारा खालचा धातूचा थर सोलून काढतं.

आमचे विभागप्रमुख डॉ. लिमये वयाने माझ्यापेक्षा लहान, हुशार, आणि बोलताना डोळे मिटून घेणारे. एकदा पापुद्र्याचे आकडे जुन्या आकड्यांशी जुळेनात म्हणून आम्ही दोघं वैतागून त्याच्यावर वाकलो होतो. मी मोठा सुस्कारा सोडला. मोजणीच्या यंत्राच्या पडद्यावरची रेघ टुणकन उडाली. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मी पुन्हा सुस्कारा सोडला, पुन्हा उडाली. माझ्या श्वासातली ऊब आणि ओल त्या पापुद्र्याने टिपली होती. छातीच्या हालचालीचा दाबही तो टिपणार हे उघडच होतं. लिमयेंनी डोळे मिटले आणि म्हणाले, "मॅडम, हे अंथरुणात घातलं तर?"

असा तो पट्टा जन्माला आला. आजारी माणसाच्या छातीखाली, पातळ चादरीच्या आत पसरायची लवचीक पट्टी. वर-खाली प्लास्टिकचं आवरण, कडेला एक डबी, आणि डबीतून घरच्यांच्या मोबाइलवर दिसणारी हिरवी रेघ. श्वास आत, रेघ वर. श्वास बाहेर, रेघ खाली. मोबाइलचं काम अजिंक्य नावाच्या तरुण इंजिनिअरने केलं. त्याची स्वतःची छोटी कंपनी होती. एक वाक्य मराठीत सुरू करून तो इंग्रजीत संपवायचा, पण काम चोख. माणूस क्षीण झाला की श्वासाचा जोरही कमी होतो, म्हणून त्याने अशी सोय केली होती की खूण लहान झाली की यंत्राने कान टवकारायचे आणि ती मोठी करून दाखवायची. आम्ही सगळ्यांनी त्याला शाबासकी दिली होती.

आम्ही पट्ट्यावर झोपलो, खोकलो, कुशी बदलल्या, त्यावर पाण्याचे तांबे उपडे केले. आवरणातून थेंब आत गेला नाही. रीतसर परवानग्या घेऊन, घरच्यांच्या सह्या घेऊन, पुण्यातल्या काही घरांत तो चाचणीसाठी दिला. ही चाचणी आहे, यावर विसंबू नका, हे प्रत्येक घरी मी स्वतः सांगितलं. लोकांनी मान डोलावली. हिरव्या रेघेत असं काही होतं की दोन दिवसांत ते सांगणं मागे पडायचं.

सदाशिव पेठेतल्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आप्पा होते. टायपिंगची इन्स्टिट्यूट चालवून निवृत्त झालेले. हृदय आणि फुप्फुसं दोन्ही थकलेली. त्यांची मुलगी वसुधाताई गणिताचे क्लास घ्यायची, खालच्याच गल्लीत. लग्न केलं नव्हतं. घरात दोघंच.

मी पट्टा पसरत होते तेव्हा आप्पा खुर्चीत बसून बघत होते. म्हणाले, "यावर निजलं की काय होतं?"

"तुमचा श्वास ताईंना मोबाइलवर दिसतो."

"आणि माझ्या मनातलं?"

"ते नाही दिसत."

"मग हरकत नाही. पसरा."

पुढच्या आठवड्यात प्रयोगशाळेत बसून मी त्यांची रेघ पाहत होते तर मधूनच बारीक बारीक टोचे दिसायला लागले. वायर सैल झाली असावी म्हणून घरी गेले. आप्पा निजून होते आणि त्यांची दहा बोटं गादीवर भराभर चालत होती. मला पाहून म्हणाले, "तुम्हाला पत्र टाइप करत होतो. पोचलं का?"

मी म्हटलं, "टोचे पोचले. मजकूर नाही."

"इतकं शिकून उपयोग काय मग?" असं म्हणून ते हसले आणि हसताना त्यांना धाप लागली. वसुधाताईने पाठीवरून हात फिरवला. ती मला दारापर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली, "मॅडम, गेल्या वर्षभरात मी क्लासमध्ये एकही गणित नीट शिकवलं नव्हतं. सारखं वाटायचं, घरी काय चाललं असेल. आता टेबलावर फोन असतो. रेघ दिसते. खरं सांगते, तुम्ही मला माझा श्वास परत दिलात."

तो मे महिना होता. ऊन असं की दुपारी पेठेत कुत्रंही दिसत नव्हतं. मी डबा खाऊन हात धूत होते. वसुधाताईचा फोन आला. आवाज अगदी सपाट होता.

"मॅडम, आप्पा हलत नाहीयेत. पण तुमची रेघ चालू आहे. तुम्ही येता का?"

स्कूटर कुठे लावली ते आठवत नाही. वर गेले तेव्हा दार उघडं होतं. तळमजल्यावर दवाखाना असलेले डॉक्टर आप्पांच्या पलंगाशी उभे होते, गळ्यात स्टेथोस्कोप. वसुधाताई भिंतीला टेकून उभी होती. पायाशी भाजीची पिशवी आडवी पडली होती. फोन तिने दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

डॉक्टर मला म्हणाले, "हे यंत्र तुमचं का? मग यांना समजावून सांगा. मी पुन्हा पुन्हा तपासलंय. आप्पा गेलेत. बराच वेळ झाला असावा. पण या मला त्यांच्या अंगावर चादर घालू देत नाहीयेत."

वसुधाताईने फोन माझ्यापुढे धरला. "हे बघा ना. मी सकाळपासून बघतेय. मंडईत गेले होते, तिथेही बघत होते. एकदाही थांबली नाही. बघा. आताही चालू आहे."

चालू होती. वर, खाली. वर, खाली. शांत झोपलेल्या माणसाची असावी तशी.

मी जे केलं ते मला अजून पटत नाही. समोर अनुभवी डॉक्टर उभे होते, पलंगावर आप्पांचा चेहरा होता, कुणालाही पाहताक्षणी कळेल असा. तरीही माझा हात त्यांच्या मनगटाकडे गेला. मी नाडी शोधली. पापुद्रा माझ्या हातचा होता, त्यातला कण न् कण मला माहीत होता. वाटलं, डॉक्टर चुकले असतील. हात गार होता. त्या हाताच्या गारपणापेक्षा, तो हातात धरूनही मी मान वळवून पुन्हा फोनच्या पडद्याकडे पाहिलं, याचा मला जास्त धक्का बसला.

मग मला ओल दिसली. उशाशी स्टुलावर तांब्या-भांडं असायचं. तांब्या आडवा होता. शेवटच्या क्षणी आप्पांचा हात लागला असणार. पाणी चादरीवर पसरलं होतं, त्यांच्या कुशीपासून पलंगाच्या कडेपर्यंत, जिथे पट्ट्याचं टोक त्यांच्या अंगाखालून बाहेर आलं होतं तिथपर्यंत. आणि पलंगाच्या समोर टेबलफॅन होता. मान फिरवणारा. डावीकडून उजवीकडे जाताना त्याचा वारा त्या ओल्या चादरीवरून जायचा, उजवीकडून डावीकडे येताना पुन्हा जायचा.

माठातलं पाणी गार का होतं ते आपल्याला शाळेत शिकवतात. पाणी उडून जाताना ऊब घेऊन जातं. पंख्याचा झोत आला की ओली चादर गार, झोत गेला की पुन्हा किंचित गरम. गार, गरम. आणि गार-गरम झालं की माझा पापुद्रा वीज देतो. पाण्याचा एक थेंबही आवरणाच्या आत गेला नव्हता. त्याला आत जायची गरजच पडली नव्हती. छातीचा दाब थांबला तशी यंत्राने कान टवकारले, आणि त्याला ही बारीक, नियमित, तालातली खूण ऐकू आली. त्याने ती मोठी करून दाखवली. हिरव्या रंगात.

मी भिंतीशी गेले आणि पंख्याचं बटण बंद केलं.

पाती थांबली. पडद्यावरची रेघ एकदा वर गेली, अर्धीच खाली आली, थरथरली, आणि आडवी झाली.

वसुधाताई किंचाळली. "काय केलंत? मॅडम, काय केलंत तुम्ही?"

ती माझ्या अंगावर धावून आली. डॉक्टरांनी तिला धरलं. तिच्या दृष्टीने मी तिच्या डोळ्यांदेखत तिच्या वडिलांचा श्वास बंद केला होता. तिला शब्दांत सांगून पटलं नसतं. मला दुसरा मार्ग सुचला नाही. मी पंखा पुन्हा सुरू केला.

पात्यांनी वेग घेतला, मान फिरली, झोत पलंगावरून गेला. आणि रेघ उठली. वर, खाली. वर, खाली.

डॉक्टर मागे सरकून आप्पांच्या खुर्चीत मटकन बसले. "अरे देवा," एवढंच म्हणाले.

वसुधाताई पडद्याकडे बघत होती, मग पंख्याकडे, मग आप्पांकडे. ती गणिताची बाई होती. तिला वेळ लागला नाही. तिचा चेहरा कसा बदलत गेला ते मी पाहिलं, आणि ते पाहायला लागलं नसतं तर बरं झालं असतं. ती पुढे झाली. या वेळी तिने स्वतःच्या हाताने पंखा बंद केला. रेघ आडवी होईपर्यंत उभी राहिली. मग फोन पालथा ठेवला, ओल्या चादरीवर आप्पांच्या पायाशी बसली आणि त्यांचं पाऊल दोन्ही हातांत धरलं.

"मी वांगी निवडत होते," ती म्हणाली. "रेघ बघितली आणि म्हटलं, अजून थोडी घ्यावीत. त्यांना भरली वांगी आवडतात."

डॉक्टरांनी तिला सांगितलं की आप्पा झोपेतच गेले असणार, घरी असतीस तरी काही करता आलं नसतं. ते खरं असेल. ती म्हणाली, "हात तरी धरला असता."

दुसऱ्या दिवशी आम्ही प्रयोगशाळेत वाळूची पिशवी घेतली. पट्ट्यावर ठेवली. वर चादर, चादरीवर पाणी, समोर मान फिरवणारा पंखा. यंत्राने आधी काही वेळ कानोसा घेतला. मग वाळूची पिशवी श्वास घ्यायला लागली. डॉ. लिमयेंनी या वेळी डोळे मिटले नाहीत, उघडेच ठेवून बघत राहिले. आम्ही पाणी ओतून पाहिलं होतं, पण ते सुकू दिलं नव्हतं. आमच्या खोलीत एसी होता. टेबलफॅन कोणाच्या डोक्यातच आला नव्हता.

अजिंक्य अखेर म्हणाला, "मॅडम, ही एक एज केस आहे. अगदी रेअर. आपण वॉर्निंग देऊ ना, ओलसर जागी वापरू नये म्हणून."

मी एरवी आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढला. "आजारी माणसाचं अंथरूण कोरडं कधी असतं रे? घाम असतो, लघवी असते, पेज सांडते, अंग पुसतात. आणि उन्हाळ्यात पंखा लावू नका म्हणून सांगणार आहेस का?"

तो वाईट मुलगा नव्हता. त्याचेही डोळे भरून आले होते. डॉ. लिमये म्हणाले, "सगळे पट्टे परत आणायचे. आजच."

पट्टे परत आणायला मी स्वतः गेले. लोक घाबरतील, रागावतील अशी मनाची तयारी केली होती. झालं भलतंच. कोथरूडच्या एका आजींचा मुलगा परदेशात होता. मी आल्याचं कळताच त्याने व्हिडिओ कॉल लावला. मी त्याला सगळं सांगितलं. माणूस गेल्यावरही रेघ चालू राहिली, हेही सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, ती रेघ बघून मला झोप लागते. खोटी असेल तर असू दे. प्लीज काढू नका."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. त्याने पुन्हा तेच म्हटलं. मी आजींकडे पाहिलं. त्या सगळं ऐकत होत्या. हळूहळू एका कुशीवर झाल्या, चादरीखाली हात घालून पट्टा ओढून काढला आणि माझ्या हातात दिला. "घेऊन जा बाई," त्या म्हणाल्या. "आणि त्याला म्हणावं, झोप येत नसेल तर मला फोन कर. मी जागीच असते."

पट्टा हातात घेऊन मी जिना उतरले. आप्पांच्या घरी बसलेला धक्का पापुद्र्याचा होता. हा माणसांचा होता आणि तो मला जास्त लागला.

आप्पांचं दिवसकार्य झाल्यावर वसुधाताई प्रयोगशाळेत आली. आधी फोनही केला नाही. पट्टा परत आणला होता, पुसून, गुंडाळून. म्हणाली, "मला ते बघायचंय." वाळूची पिशवी दाखवायला मी आढेवेढे घेतले. ती म्हणाली, "मॅडम, मी खऱ्या माणसावर बघितलंय. वाळूला घाबरत नाही."

तिने पाहिलं. वाळू श्वास घेत होती. तिने पंख्यापुढे तळहात धरला, रेघ अडखळली. काढला, पुन्हा चालू. तिने मला पाणी, पापुद्रा, ऊब, सगळं नीट विचारून घेतलं. एक शंका सोडली नाही. मग म्हणाली, "म्हणजे याला श्वास आणि ओली चादर यातला फरक कळत नाही."

"नाही कळत."

"पण स्वतःला कळत नाही, हे तरी याला कळत होतं का?"

अजिंक्य बाजूलाच होता. तो म्हणाला, "तसं प्रोग्रॅम नव्हतं केलं. काहीतरी दाखवायचंच, असं होतं."

"मी मुलांना सांगते," वसुधाताई म्हणाली, "गणित येत नसेल तर जागा कोरी सोडा. ठोकून देऊ नका. ठोकून दिलेलं उत्तर बरोबर आलं तर तुमचं कायमचं नुकसान होतं. तुम्ही याला ठोकून द्यायला शिकवलंत."

हे ती रागाने म्हणाली नाही. क्लासमध्ये म्हणत असेल तशी म्हणाली.

नंतरचं काम मोठं होतं, पण सांगायला थोडं आहे. आम्ही एका पापुद्र्याच्या शेजारी दुसरा ठेवला, त्याच थरातून कापलेला, जुळ्या बहिणीसारखा. पहिला छातीखाली येतो, दुसरा एका कडक चौकटीत असतो, त्याच्यावर भार पडत नाही. ओल, ऊब, गारवा दोघींना सारखाच कळतो, श्वासाचा दाब फक्त पहिलीला. दोघी एकच गोष्ट सांगायला लागल्या तर तो श्वास नव्हे. आणि खात्री नसेल तेव्हा हिरवी रेघ पुसून जाते आणि पडद्यावर अक्षरं येतात: माहीत नाही. जाऊन बघा. ज्या कंपनीला हे विकायचं होतं त्यांच्या माणसाला ती अक्षरं मुळीच पसंत नव्हती. "ग्राहकाला विश्वास वाटला पाहिजे," तो म्हणाला. अजिंक्यने त्याला शांतपणे सांगितलं, "अक्षरं काढायची असतील तर माझं नाव पण काढा." अक्षरं राहिली. कंपनी गेली. दुसरी मिळायला बराच काळ गेला, तोवर माझी निवृत्ती झाली.

नव्या पट्ट्याच्या चाचणीला घर शोधत होतो तेव्हा पहिला फोन वसुधाताईचा आला. तिची मावशी आता तिच्याकडे राहायला आली होती. मी म्हटलं, "ताई, तुम्ही नका. दुसरं कोणी बघतो." ती म्हणाली, "का? मला त्याच्या खोड्या माहीत आहेत. दुसऱ्याला नवीन सांगत बसावं लागेल."

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी मंडईत कैऱ्या घेत होते. पर्समध्ये फोन वाजला, पडद्यावर वसुधाताईचं नाव, आणि दुपारची वेळ. कैरी हातातून पडली. भाजीवालीने पालथी पाटी पुढे सरकवली. "बसा काकू, ऊन लागलं का?" मी बसले. फोन कानाला लावला.

"मॅडम," वसुधाताईला धाप लागली होती. "वर्ग चालू होता. पडद्यावर आलं, माहीत नाही, जाऊन बघा. खडू टाकला आणि पळत आले. दोन मजले चढून."

"आणि?" मी कसंबसं म्हटलं.

"मावशी चहा सांडून बसलीय. सगळी चादर ओली. पंखा चालू."

मी डोळे मिटले. आजूबाजूला भाव चालले होते, कोणीतरी कोथिंबीर झटकत होतं. शेवटी म्हणाले, "उगाच धावावं लागलं तुम्हाला."

"उगाच नाही," ती म्हणाली. "मी तिचा हात धरून बसलेय. गरम आहे."

मागून मावशींचा आवाज आला, चिडलेला, खणखणीत. "कोणाशी बोलतेस? सांग त्यांना, मी आहे म्हणावं. आणि हात सोड, चहा टाक परत."